औषध अजून लागू पडतंय का?

१९५९ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मलेरियॉलॉजी’मध्ये पंचमहाल जिल्ह्याविषयी एक छोटा शोधनिबंध छापून आला. पंचमहाल तेव्हा मुंबई राज्यात होता. तिथल्या ‘ॲनॉफेलिस क्युलिसिफॅसीस’ या डासाची डीडीटी सोसण्याची ताकद वाढली आहे, असं रहमान, रॉय आणि सिंग या तिघांनी नोंदवलं होतं. निबंधाची वेळ पाहायला हवी. आदल्याच वर्षी, १९५८ मध्ये, केंद्र सरकारने आपल्या हिवताप नियंत्रण कार्यक्रमाचं नाव बदलून ‘निर्मूलन’ कार्यक्रम केलं होतं. देशभर घरोघरी भिंतींवर डीडीटी मारला जात होता आणि काही वर्षांत हिवताप इतिहासजमा होईल असा साऱ्यांचा विश्वास होता. नेमक्या त्याच वेळी एका जिल्ह्यातले डास औषधाला पुरून उरू लागले होते.

आज दिल्लीत द्वारकेला असलेल्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेची वाटचाल सांगायची, तर तिच्या स्थापनेच्या वर्षापासून सुरुवात करून भागत नाही. संस्था १९७७ ची. पण ज्या प्रश्नासाठी ती उभी राहिली तो पंचमहालच्या गोठ्यांत आधीच जन्माला आला होता, आणि तो विचारण्याची शिस्त त्याहून जुनी आहे.

ती शिस्त कसौलीची. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीवर मलेरियाचे परजीवी दिसले. त्यानंतर बारा वर्षांनी, १९०९ मध्ये, कसौलीच्या डोंगरावर केंद्रीय मलेरिया ब्यूरो सुरू झाला. १९२७ मध्ये त्याचा मलेरिया सर्व्हे ऑफ इंडिया झाला, १९३८ मध्ये मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया. क्रिस्टोफर्स, सिंटन, कव्हेल हे संशोधक या काळातले. डासांच्या जाती ओळखणं, कोणती जात कुठल्या पाण्यात अंडी घालते आणि माणसाला चावते की गुरांना, हे सगळं त्यांनी बारकाईने लिहून ठेवलं. त्या वह्यांवरच पुढचं सारं उभं आहे.

डीडीटी आला आणि वह्यांचं महत्त्व काही काळ मागे पडलं. पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये त्याचे कीटकनाशक गुण ओळखले, १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भारतात खेड्यांत त्याचा मोठा प्रयोग झाला तो मुंबई प्रांतात, कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत. डॉ. डी. के. विश्वनाथन आणि त्यांचे सहकारी टी. रामचंद्र राव यांनी तिथे घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटी फवारला आणि पहिल्या वर्षाचे निष्कर्ष १९४७ मध्ये छापले. पुढच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाया या कामाने घातला. कल्पना साधी होती. रक्त प्यायलेली मादी जड होते आणि जवळच्या भिंतीवर विसावते. भिंतीवर औषध असेल तर ती तिथेच संपते. परजीवीला डासाच्या अंगात वाढून दुसऱ्या माणसात शिरण्याजोगं व्हायला दहा-बारा दिवस तरी लागतात. तेवढे दिवस मादी जगलीच नाही तर साखळी तुटली. म्हणजे सगळे डास मारायची गरजच नव्हती, त्यांचं आयुष्य तोडलं की पुरे होतं.

राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होतात असा अंदाज होता. १९६५ मध्ये नोंदलेले रुग्ण एक लाखाच्या आसपास होते आणि मृत्यूची नोंद नव्हती. हे यश खरं होतं, आणि ज्या हजारो फवारणीवाल्यांनी पंप घेऊन कुडाच्या भिंती पालथ्या घातल्या त्यांचं ते होतं. त्यांच्या वाट्याला येणाऱ्या तक्रारीही तेवढ्याच खऱ्या होत्या. भिंतीवर पांढरे डाग पडतात, देवघरात फवारायचं नाही, धान्याच्या कणग्या कुठे हलवायच्या. सुरुवातीला डीडीटीने ढेकूण मरत, म्हणून लोक फवारणीवाल्याला आनंदाने आत घेत. ढेकूण औषधाला सरावले तसा तो आनंदही गेला, आणि बाया दोन दिवसांत भिंती सारवून टाकू लागल्या. सारवणाखाली गेलेल्या औषधाचा डासाला काय उपयोग? ढेकणांमध्ये दिसलेली ही गोष्ट डासांबाबतची पूर्वसूचना होती. ती कुणी तशी वाचली नाही.

पंचमहालनंतर ठाणे जिल्ह्यातून आणि उत्तर गुजरातमधून डीडीटी आणि डिल्ड्रिन या दोन्हींना न जुमानणाऱ्या क्युलिसिफॅसीसचे अहवाल आले. बेंझीन हेक्झाक्लोराइड, म्हणजे लोकांच्या तोंडची बीएचसी पावडर, तीही फार काळ टिकली नाही. १९६९ मध्ये गुजरात आणि महाराष्ट्रात मॅलॅथिऑन आणलं गेलं. डीडीटीच्या वर्षाला दोन फेऱ्या पुरत, चौरस मीटरला एक ग्रॅम. मॅलॅथिऑनच्या तीन फेऱ्या, चौरस मीटरला दोन ग्रॅम, शिवाय उग्र वास. खर्च कैक पटींनी वाढला. आणि १९७३ मध्ये गुजरातेत मॅलॅथिऑनलाही प्रतिकार दिसला. चार वर्षांत! कपाशीच्या आणि इतर पिकांच्या शेतांवर हीच रसायनं आणि त्यांच्या भावकीतली दुसरी सढळ हाताने मारली जात होती, त्यामुळे डासांच्या अळ्या भातखाचरात आणि कालव्याकाठी वाढतानाच त्यांची चव घेत होत्या. भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच निवड सुरू झालेली असे.

१९७६ मध्ये देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. याचं सगळं खापर डासाच्या प्रतिकारावर फोडणं बरोबर नाही. औषधाचा पुरवठा वेळेवर होत नव्हता, ‘हिवताप गेला’ म्हणून कर्मचारी दुसऱ्या कामांना जुंपले गेले होते, शहरांकडे पुरेसं लक्ष नव्हतं, क्लोरोक्विनला न बधणारा परजीवी आसामात १९७३ मध्येच सापडला होता. तरीही पश्चिम भारताच्या गावांमध्ये प्रतिकार हे मोठं कारण होतं, आणि ते कुठे किती मोठं आहे हे नीट सांगू शकेल अशी संशोधन संस्थाच त्या घडीला नव्हती. जुनी मलेरिया इन्स्टिट्यूट १९६३ मध्ये सर्वच संसर्गजन्य रोगांची संस्था झाली होती. मलेरियॉलॉजीचं नियतकालिकही त्याच सुमारास बंद पडलं होतं. रोग संपत आला आहे, मग त्याचा अभ्यास कशाला, असा तो हिशेब. मला तो त्या काळातला सर्वांत महागात पडलेला निर्णय वाटतो.

१९७७ मध्ये सरकारने सुधारित कार्ययोजना आणली आणि त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मलेरिया रिसर्च सेंटर स्थापन केलं. सुरुवातीचा पत्ता दिल्लीतल्या श्यामनाथ मार्गाचा, राष्ट्रीय कार्यक्रमाच्या कचेरीचाच. डासांच्या जनुकीय नियंत्रणावर दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने चाललेलं एक संशोधन केंद्र १९७५ मध्ये बंद झालं होतं. तिथे काम केलेले डॉ. व्ही. पी. शर्मा पुढे या नव्या केंद्राचे संचालक झाले, आणि केंद्राला जो चेहरा मिळाला तो बराचसा त्यांचा. १९८१ मध्ये केंद्राने दोन गोष्टी केल्या: बंद पडलेलं ‘इंडियन जर्नल ऑफ मलेरियॉलॉजी’ पुन्हा सुरू केलं, आणि ‘द ॲनॉफेलाइन्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ छापला. ग्रंथाचे लेखक तेच कानडा-धारवाडचे टी. रामचंद्र राव, जे मधल्या काळात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालकही होऊन गेले होते. कसौलीच्या वह्या आणि मुंबई प्रांतातला अनुभव असा पुन्हा एका घरात आला.

या संस्थेचं रोजचं काम प्रयोगशाळेपेक्षा गोठ्यात जास्त चालतं. त्यासाठी भल्या पहाटे निघावं लागतं. हिवताप कार्यालयांत ज्याला कीटक समाहारक म्हणतात तो कर्मचारी एका हातात विजेरी आणि तोंडात रबरी नळी लावलेली काचेची चूषक नळी घेऊन गोठ्याच्या भिंती, छपराचे वासे, टांगलेल्या दोऱ्या न्याहाळतो. बहुतेक ॲनॉफेलिस शेपूट वर करून तिरपे बसतात. क्युलिसिफॅसीस मात्र भिंतीला जवळजवळ समांतर बसतो, त्यामुळे नवख्याची नजर त्याला साधा डास समजून पुढे सरकते. सरावलेली नजर फसत नाही. हलकेच श्वास ओढायचा, डास नळीत येतो. तो कपात सोडायचा, वर जाळी, जाळीवर ग्लुकोजच्या पाण्यात भिजवलेला कापूस, सगळ्यावर ओला टॉवेल. दुपारचं ऊन चढायच्या आत हे कप मुक्कामी पोचायला हवेत. डास वाटेतच मेले तर चाचणीला अर्थ उरत नाही.

मग प्लास्टिकच्या नळ्या. हिरव्या ठिपक्याच्या नळीत वीस-पंचवीस माद्या तासभर ठेवायच्या. ज्या लंगडतात, पडतात त्या बाजूला. उरलेल्यांना मधली सरकपट्टी उघडून लाल ठिपक्याच्या नळीत फुंकायचं. तिच्या आत ठरलेल्या प्रमाणात औषध मुरवलेला कागद असतो: डीडीटी चार टक्के, मॅलॅथिऑन पाच टक्के, डेल्टामेथ्रिन ०.०५ टक्के. बरोबर एक तास. परत हिरव्या नळीत, चोवीस तास. दुसऱ्या दिवशी मोजणी. शेजारी नुसतं तेल लावलेल्या कागदाच्या नळ्याही ठेवलेल्या असतात. त्यांत पाच टक्क्यांहून जास्त डास मेले तर आकडा दुरुस्त करायचा, वीस टक्क्यांहून जास्त मेले तर सगळी चाचणी फेकून द्यायची आणि पुन्हा पहाटे गोठ्यात जायचं. शंभरातले अठ्ठ्याण्णव किंवा जास्त मेले तर औषध चालतं. नव्वदच्या खाली गेले तर प्रतिकार आला असं आता धरतात. पूर्वी ही रेघ ऐंशीवर होती. एका गावाचा एक आकडा काढायला इतकं लागतं, आणि औषधाविषयी बोलायचा अधिकार फक्त या आकड्याला असतो. किती टन पावडर खपली यावरून ते कळत नाही.

प्रतिकार म्हणजे डासाला औषधाची सवय होणं, असं आपण सहज बोलतो. घडतं ते वेगळं. हजारो डासांत एखादा जन्मतःच थोडा निराळा असतो. डीडीटी डासाच्या मज्जातंतूतल्या सोडियमच्या वाटा उघड्याच अडकवून ठेवतो, डास थरथरत पडतो. त्या वाटेच्या प्रथिनातला एक घटक बदललेला असेल तर जुनी किल्ली नव्या कुलपात बसत नाही. मॅलॅथिऑनची कथा वेगळी: तिथे डासाच्या अंगातलं एक विकर औषधाचा रेणू विषारी होण्याआधीच तोडून टाकतं. फवारणीनंतर बाकीचे मरतात, हे वाचतात, यांची पिल्लावळ वाढते. मादी दर दोन-तीन दिवसांनी रक्त पिऊन अंडी घालते, एका मोसमात कितीतरी पिढ्या होतात. चार वर्षांत मॅलॅथिऑन निकामी कसं झालं, याचं उत्तर या हिशेबात आहे.

संस्थेचं सर्वांत मोलाचं काम कुठलं, असं कुणी विचारलं तर मी क्युलिसिफॅसीसच्या भावंडांचं नाव घेईन. ही एकच जात आहे असं पाऊणशे वर्षं सगळे मानत आले होते. १९८० मध्ये ग्रीन आणि माइल्स यांनी दाखवलं की तिच्यात दोन वेगळ्या जाती आहेत, डोळ्यांना हुबेहूब, पण आपसात संकर न करणाऱ्या. पुढे संस्थेच्या संचालक झालेल्या डॉ. सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा धरला. ओळखायचं कसं? अंडी अर्धवट पिकलेल्या मादीच्या अंडाशयातल्या पेशी काचपट्टीवर दाबायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांवरचे पट्टे वाचायचे. पट्ट्यांचा क्रम कुठे उलटा झाला आहे त्यावरून जात ठरते. देशभरातून आणलेल्या माद्यांचे पट्टे असे वाचून जाती ए, बी, सी, डी आणि शेवटी रामेश्वरमची ई, अशा पाच झाल्या.

याचा फवारणीशी काय संबंध? फार मोठा. बी जात प्रामुख्याने गुरांवर जगते, हिवताप पसरवण्यात तिचा वाटा नगण्य. उत्तर भारतात ए आणि बी एकाच गोठ्यात बसतात; ए पसरवते, बी नाही. आता गोठ्यातले सगळे डास एकत्र पकडून डीडीटीची चाचणी घेतली आणि निम्मे वाचले, तर अहवालात ‘प्रतिकार’ लिहिलं जाणार. पण संस्थेच्या अभ्यासात दिसलं की डीडीटीला ए जात बीपेक्षा बरीच जास्त बळी पडते. म्हणजे वाचलेले बरेचसे निरुपद्रवी, आणि मेलेले नेमके आपल्याला हवे होते तेच. एकाच आकड्याचे दोन ठिकाणी दोन अर्थ! महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश या पट्ट्यात प्रामुख्याने बी आणि सी आहेत, तिथलं गणित पुन्हा वेगळं. औषध बदलायचं की नाही हा कोट्यवधी रुपयांचा निर्णय. तो घेताना गुणसूत्रावरचे पट्टे वाचणारा माणूस खोलीत असायला हवा, हे या संस्थेने सिद्ध केलं.

डॉ. शर्मांची दिशा मात्र आणखी पुढची होती: औषधावाचून काय करता येईल? १९८३ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, नडियाद परिसरात, काही गावांत जैव-पर्यावरणीय नियंत्रणाचा प्रयोग सुरू झाला. खड्डे बुजवले, हातपंपांपाशी शोषखड्डे केले, पाण्यात गप्पी मासे सोडले, दलदलीत निलगिरी लावली, गावतळ्यात खायचे मासे वाढवून ग्रामपंचायतीला उत्पन्न मिळवून दिलं. मॅलॅथिऑन हरलेल्या मुलखातच हे चाललं होतं. प्रयोग वाढत शंभर गावांपर्यंत गेला, पुढे हरिद्वारच्या भेल वसाहतीत आणि इतरत्रही. यावर टीका झाली, की हे माणूसबळ आणि ही देखरेख सरकारी यंत्रणेला वर्षानुवर्षं झेपणार नाही. टीकेत तथ्य आहे. पण गप्पी माशांची टाकी आज महाराष्ट्रातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात सर्रास दिसते, ती अशा कामांच्या पुण्याईने.

गोव्यात प्रश्न शहरी होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत बांधकामं वाढली आणि त्यांच्यामागून हिवताप आला. इथला डास ‘ॲनॉफेलिस स्टिफेन्सी’, राहणार टाक्यांत, विहिरींत, स्लॅबवर साठवलेल्या पाण्यात. तो भिंतीवर फारसा विसावत नाही, म्हणून फवारणीचा उपयोगही मर्यादित. संस्थेच्या पणजीतल्या केंद्राने बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस या जिवाणूचं द्रावण आणि अप्लोकायलस ब्लॉकी हा छोटा स्थानिक मासा यांची जोडी वापरून पाहिली. अळीने जिवाणूचे स्फटिक गिळले की तिचं आतडं फुटतं. या स्फटिकांत एकाहून अधिक विषं एकत्र असल्यामुळे त्यांना प्रतिकार येणं अवघड असतं.

१९९० नंतर सिंथेटिक पायरेथ्रॉइड आली. डेल्टामेथ्रिन चौरस मीटरला अवघे वीस मिलिग्रॅम, वास नाही, डाग नाहीत. त्याच गटातल्या औषधांत बुडवलेल्या मच्छरदाण्याही आल्या, आणि २००९ पासून दीर्घकाळ टिकणाऱ्या मच्छरदाण्या कार्यक्रमात वाटल्या जाऊ लागल्या. पण २००२ मध्येच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सुरत जिल्ह्यातून आणि रामेश्वरमहून डेल्टामेथ्रिनला प्रतिकार नोंदवला होता. इथे जुनं कर्ज उभं राहिलं. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड मज्जातंतूच्या त्याच वाटेवर काम करतात. डीडीटीने चाळीस वर्षं ज्या डासांची निवड केली त्यांना नव्या औषधाशी लढण्याची अर्धी तयारी आधीच मिळालेली होती. २०१० च्या सुमारास संस्थेच्या प्रयोगशाळेने भारतीय क्युलिसिफॅसीसमध्ये तो बदल जनुकाच्या पातळीवर दाखवूनही दिला.

आणि तरी डीडीटी चालूच राहिला. रसायनीच्या हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात तो बनत होता. १९५४ मध्ये ही कंपनी स्थापन झाली तीच हिवताप कार्यक्रमासाठी. अशा टिकाऊ विषारी रसायनांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम करारात रोगवाहक कीटकांसाठी त्याला सवलत आहे. ईशान्येकडच्या डासांवर तो दीर्घकाळ चांगला चालला, हेही खरं. पण ज्या जिल्ह्यांत संस्थेचेच आकडे ‘लागू पडत नाही’ असं सांगत होते तिथेही तो जात राहिला, कारण स्वस्त होता, उपलब्ध होता, आणि मागणीपत्र मागच्या वर्षीचं पाहून भरलं जाई. संस्थेच्या कामात उणीव नव्हती. तिच्या तक्त्यापासून जिल्ह्याच्या गोदामापर्यंतचा रस्ता नव्हता. याचा मला राग येतो, कारण त्याची किंमत मेळघाट-गडचिरोलीतल्या आणि दक्षिण ओडिशातल्या माणसांनी मोजली.

२००५ मध्ये केंद्राचं नाव राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था झालं. त्यानंतरच्या दशकातलं एक काम मुद्दाम सांगायला हवं. डास पायरेथ्रॉइडला पुरून उरतात, मग मच्छरदाण्या वाटायच्या कशाला, हा प्रश्न जगभर पडला होता. जागतिक आरोग्य संघटनेने बेनिन, कॅमेरून, केनिया, सुदान आणि भारत या पाच देशांत त्याचा एकत्र अभ्यास केला. भारतातलं काम या संस्थेने छत्तीसगडमधल्या केशकाळ भागात केलं. २०१८ मध्ये निष्कर्ष छापले गेले: मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना न झोपणाऱ्यांपेक्षा हिवताप कमी होतो, मग तिथल्या डासांत प्रतिकार कमी असो वा जास्त. प्रतिकार क्षुल्लक आहे असा याचा अर्थ नव्हे. जाळी ही जाळीही असते, आणि अर्धमेला डासही दहा-बारा दिवस जगेलच असं नाही. पण त्यावरून मच्छरदाण्या थांबवायच्या नाहीत, हे स्पष्ट झालं. त्या सुमारासच ओडिशात एक कोटीहून अधिक मच्छरदाण्या वाटल्या गेल्या आणि रुग्ण झपाट्याने घटले. संस्थेने नव्या रसायनांचीही पारख चालवली. क्लोरफेनापिर हे औषध मज्जातंतूंना सोडून पेशीतल्या ऊर्जानिर्मितीवर घाव घालतं, त्यामुळे जुने बचाव तिथे कामाला येत नाहीत, हे तिच्या प्रयोगांत दिसलं.

२०३० पर्यंत देशातून मलेरिया घालवायचं उद्दिष्ट आहे. २०२३ मध्ये नोंदलेले रुग्ण सव्वादोन लाखांच्या आसपास होते. महाराष्ट्रातले बहुतेक रुग्ण गडचिरोलीत आणि मुंबईत सापडतात: एकीकडे क्युलिसिफॅसीस आणि डोंगरझऱ्यातला फ्लुव्हिॲटिलिस, दुसरीकडे टाकीतला स्टिफेन्सी. १९६५ मध्ये आकडा लाखावर आला तेव्हा आपण मोजणारी माणसं कमी केली होती. आजही अनेक राज्यांत कीटकशास्त्रज्ञांची पदं रिकामी आहेत, आणि कीटक समाहारक निवृत्त झाला की त्याच्या जागी नवा माणूस येतोच असं नाही. गोठ्यातली ती नजर पुस्तकातून शिकता येत नाही. जुन्या माणसाच्या मागून चार पावसाळे हिंडावं लागतं.

दरम्यान स्टिफेन्सी समुद्र ओलांडून गेला आहे. २०१२ मध्ये तो जिबुतीत सापडला, २०१६ मध्ये इथिओपियात, आणि नंतर आफ्रिकेतल्या आणखी देशांत. तिथे तो पोचला तोच कित्येक औषधांना न जुमानणारा म्हणून. आफ्रिकेतला मलेरिया आजवर मुख्यतः खेड्यांचा होता, आणि तिथल्या कार्यक्रमाची मदार आहे फवारणीवर आणि मच्छरदाण्यांवर. या डासाला दोन्ही अपुरी पडतात. टाक्यांना घट्ट झाकणं, विहिरींत मासे, बांधकामांची दर आठवड्याला तपासणी, जिवाणूचं द्रावण, हे पणजीत आणि मुंबईत पडताळून झालेले उपाय आता तिथल्या शहरांना लागणार आहेत. दिल्लीच्या या संस्थेकडे त्यांच्या यशापयशाच्या चाळीस वर्षांच्या नोंदी आहेत.